वाघजाई उठवली तो दिवस

भोर-वेल्ह्याला जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं पहिला प्रश्न विचारतात, तोरणा चढलात का. नाही चढले. तोरणा आपल्या जागी पक्का आहे, माझे गुडघे तेवढे पक्के राहिलेले नाहीत. शिवाय मी गेले होते ती माझ्या नणंदेच्या, मंदावन्संच्या हट्टापायी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना जुन्या देवळांचे आणि दगडांचे फोटो काढायचं वेड लागलं होतं. कॅमेरा त्यांचा आणि पिशव्या माझ्या, अशी आमची वाटणी. नव्वदचं दशक सरत आलं होतं. भोरच्या वरच्या खोऱ्यात एक नवं धरण बांधून होत आलं होतं आणि त्या पावसाळ्यात पाणी अडवणार होते. पाण्याखाली जायच्या आधी तिकडची देवळं बघून घ्यायची, एवढाच वन्संचा बेत होता.

तिथं जे बघितलं ते मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही. विचारणाऱ्याला तोरण्याचं सांगते आणि मोकळी होते.

वेल्हे

नसरापूरला भजी खाऊन एसटी बदलली आणि वेल्ह्याला उतरलो. तालुक्याचं गाव म्हटल्यावर आमच्या यवतमाळकडच्यासारखी बाजारपेठ, कापसाच्या गाड्या, लाऊडस्पीकर असं काहीबाही मी मनात धरलं होतं. वेल्ह्याला एक सरळ रस्ता, कचेरी, शाळा, थोडी दुकानं, सुक्या बोंबलांचा वास आणि डोक्यावर तोरणा. डोंगर वणव्यानं काळे पडलेले. रस्त्यावर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं, मधल्या वयाचं कुणी दिसेना. चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, घरटी एक माणूस मुंबईला माथाडीत आहे, दुसरा असला तर पुण्याला कंपनीत. हे तो असं सांगत होता की जणू पाऊसपाण्याचं सांगतोय.

देवळाच्या आवारात वीरगळी होत्या. लढाईत मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले दगड, खाली लढणारा माणूस आणि वर त्याला न्यायला आलेल्या अप्सरा. अप्सरांची नाकं झिजून गेली होती. एक आडवा पडलेला दगड होता, त्यावर कुणी कुरडया वाळत घातल्या होत्या. वन्संना त्या कुरडया बाजूला करून फोटो हवा होता. कुरडयांची मालकीण म्हातारी होती, ती काही हलली नाही. दगड चांगला तापतो, म्हणाली, आणि मेलेल्याला काय त्याचं. शेवटी कुरडयांसकट फोटो निघाला. मला तोच आवडला.

तिथंच वन्संच्या चपलेचा अंगठा तुटला. वेल्ह्यात चांभार मिळाला नाही, तोही म्हणे मुंबईला. सुतळीनं बांधलेली चप्पल फरपटत वन्संनी भोरची गाडी पकडली आणि वाटेत सगळ्या सह्याद्रीला नावं ठेवली.

भोर

भोर मला बघताक्षणी आवडलं. संस्थानी गाव, त्याला एक ऐट असते, पडत्या काळातही ती जात नाही. राजवाडा आहे, लाकडी सज्जांची घरं आहेत, नदीचा घाट आहे. राजवाड्यात कुठल्याशा सिनेमाचं शूटिंग चालू होतं, म्हणून आत सोडेनात. वन्सं भांडल्या, पण उपयोग झाला नाही. मग आधी चप्पल शिवून घेऊ म्हणून चांभार शोधला. त्याच्या शेजारी धार लावणारा बसला होता आणि त्याच्यासमोर पायऱ्यांवर एक उंच, वाळका म्हातारा उकिडवा बसून आपल्या सुरीकडं बघत होता. सुरी चांगली हातभर होती. पांढरा सदरा, धोतर, डोक्याला गुंडाळलेला पटका आणि हनुवटीवर विरळ दाढी.

वन्सं दोन पायऱ्या मागं सरकल्या. म्हाताऱ्याला हसू आलं. घाबरू नका, म्हणाला, ही सुरी वर्षातून एकदाच बाहेर निघते, उद्या तिचं काम आहे. बोलता बोलता कळलं की त्याचं नाव दस्तगीर, पण गावात त्याला सगळे मुलाणीबाबा म्हणतात. गाव उंबरवाडी, वर खोऱ्यात. तिथल्या वाघजाईच्या जत्रेचा बोकड पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरानं कापायचा. मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून कापल्याशिवाय तो बोकड देवीला पोचत नाही आणि मराठ्याच्या घरात चुलीवर चढत नाही.

आमच्याकडंही काही गावांत मुलाणा असतो, ते मला ठाऊक होतं. पण याच्या बोलण्यात "माजी वाघजाई" ज्या सहजतेनं येत होती ती मी कधी ऐकली नव्हती. वन्संनी विचारलं, आम्हाला देऊळ बघायचंय, येऊ का. तो म्हणाला, या की. मग सुरी फडक्यात गुंडाळता गुंडाळता, खाली मान घालून म्हणाला, "उद्याची जत्रा शेवटची हाय. उद्या देवीला उठवायचं."

उंबरवाडी

संध्याकाळच्या एसटीनं त्याच्याबरोबरच गेलो. फाट्यावर उतरून वाट चालायची होती. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं. चैत्रात या भागात राब भाजतात, म्हणजे भाताची रोपं जिथं टाकायची तिथं पालापाचोळा आणि गोवऱ्या पसरून जाळतात. सगळ्या खोऱ्यात धूर असतो, असं वन्संनी कुठंतरी वाचलं होतं. धूर कुठंच नव्हता. वन्संनी विचारलं तेव्हा मुलाणीबाबा म्हणाले, यंदा पेरायचं कुणाला. त्या एका वाक्यानं मला पहिल्यांदा कळलं की आपण कुठं आलोय.

गाव अर्धं उसवलेलं होतं. चौकटी काढून नेलेल्या, भिंती तेवढ्या उभ्या. एका घराचे वासे दारात रचून ठेवले होते आणि त्यांच्यावर बसून एक बाई पोराला पाजत होती. माणसं मात्र झाडून सगळी आलेली, मुंबईची, पुण्याची, शेवटची जत्रा म्हणून. मुलाणीबाबा पाटलांच्या ओसरीवर चढले, कुणाला न विचारता रांजणातलं पाणी ओतून घेतलं, घटाघटा प्याले आणि शिंक्यातला गुळाचा खडा काढून आमच्या हातावर ठेवला. पाटलीणबाईंनी आतून नुसतं विचारलं, "आलास व्हय रं?" एवढंच. मला ते बघून बरं वाटलं होतं, म्हणून आठवतं.

आम्ही उतरलो ते मुलाणीबाबांच्याच घरी. देवळाच्या मागं लहानसं घर, अंगणात शेवगा. त्यांची बायको अमीनाचाची बुटकी, करारी बाई. वन्सं शाकाहारी आहेत कळल्यावर तिनं आपली भांडी बाजूला ठेवून शेजारच्या मराठ्याच्या घरनं पातेलं मागून आणलं आणि त्यात पावट्याची आमटी केली. नाचणीची भाकरी, आमटी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. एरवी पुण्याच्या हॉटेलात दहा वेळा चौकशी करणाऱ्या वन्सं तीन भाकऱ्या जेवल्या. आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढं नाचणीची मला मातकट लागली, पण ते मी तेव्हा बोलले नाही.

जेवताना चाचीनं सगळं सांगितलं. गावाला खाली माळावर, कालव्याच्या अंगाला जमीन मिळाली होती. प्रत्येक घराला प्लॉट. फक्त यांना नाही. यांचं घर देवीच्या इनाम जागेत, कुणा पूर्वजाला देवीनंच बसवलेलं. मोजणीवाल्यांनी ती जागा देवीच्या नावानं धरली, म्हणजे नवीन गावात देवीला जागा मिळाली आणि मुलाण्याला नाही. गावानं अर्ज केले, पाटील दोनदा पुण्याला जाऊन आले, साहेब म्हणाले बघू. बघता बघता दिवस संपले. आता दोघांनी भोरला मुलाच्या खोलीवर जायचं. मुलगा गॅरेजात होता, त्याची एक खोली, त्यात त्याचीच चार माणसं.

खरी गोष्ट पुढंच होती. देवीला जागेवरून उठवायचं तर तिला विचारावं लागतं. आमच्याकडं कुणाच्या तरी अंगात येतं आणि ते झाड, म्हणजे अंगात आलेलं माणूस, सांगतं. इकडं कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन खांद्यांवर ओली फुलं चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. माघात विचारलं, डावं पडलं. फाल्गुनात विचारलं, दोन्ही फुलं दिवसभर चिकटून राहिली. देवी उठत नाही म्हणून अर्धं गाव हलेना आणि धरणावरचे साहेब तर रोज जीप घेऊन यायला लागले. मग गावातली तरणी पोरं बोलायला लागली की देवी मुलाण्यासाठी अडून बसलीय. आणि एकदोघं त्याच्याही पुढं गेले, मुलाण्यानंच काहीतरी करून ठेवलंय म्हणाले.

चाचीनं हे सांगितलं तेव्हा मुलाणीबाबा उंबऱ्यावर बसून पायातला काटा काढत होते. चाचीच बोलली, नवऱ्याकडं न बघता, आमच्याकडं बघून, पण त्यालाच ऐकू जाईल असं.

"सुरी ह्यांच्या हातात हाय. उद्या धरूच नका म्हनते मी. बोकड न्हाई तर देवी उठत न्हाई, देवी न्हाई तर गाव उठत न्हाई. मग येत्याल सायब प्लॉट घिऊन."

बाईचं बोलणं मला शंभर टक्के पटलं. मी तसं म्हणालेसुद्धा. एवढं एकच हत्यार त्या माणसाकडं होतं आणि ते त्यानं भोरला जाऊन धार लावून आणलं होतं. मुलाणीबाबांनी काटा काढला, तो उजेडात धरून बघितला, आणि सावकाश म्हणाले, गाव अडवून मिळालेल्या प्लॉटात त्याच गावात राहायचं कसं. चाची ताट उचलून आत गेली.

जत्रा

सकाळपासून ढोल वाजत होता, पण त्यात दम नव्हता. देऊळ दगडी, लहान, समोर फरशी. आत हातभर उंचीची वाघजाई, शेंदराच्या पुटांखाली नाकडोळे हरवलेली. वन्संनी कॅमेरा उघडून पायरीचा एक फोटो काढला आणि परत बंद केला. एवढी माणसं होती आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. फाट्यावर एक टेम्पो आणून उभा केला होता. त्यात गवत आणि गोधड्या घातल्या होत्या, देवीसाठी. मागच्या अंगाला धरणाच्या साहेबांची जीप. साहेब गाडीतच बसून राहिले, तेवढी लाज त्यांना होती म्हणायची.

गुरवानं मूर्ती पुसली, पाण्यात बुडवून पांढरी फुलं दोन्ही खांद्यांवर लावली आणि विचारलं, आई, लेकरांबरोबर येतीस का. आणि सगळे वाट बघत बसले. फुलं जागची हलली नाहीत. ऊन चढलं. बायकांनी ओव्या म्हटल्या, त्या संपल्या. पुण्याहून आलेला एक पोरगा घड्याळ बघत होता, त्याला शेजारच्या एका म्हाताऱ्यानं हाताला धरून बसवलं. बोकड चिंचेला बांधला होता, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ, तो ती खायचा प्रयत्न करत होता. गुरवानं परत विचारलं. फुलं तशीच. मागं कुजबुज सुरू झाली आणि माना एकेक करून देवळाच्या कोपऱ्याकडं वळायला लागल्या.

तिथं मुलाणीबाबा उभे होते. पायरीच्या खाली, डाव्या अंगाला. ती त्यांची जागा, त्यांच्या बापाचीही तीच होती. अंघोळ केलेली, पटका नवा, फडक्यातली सुरी काखेत. अमीनाचाची आली नव्हती. ती घरात दार लावून बसली होती.

पाटील उठून त्यांच्याजवळ गेले. दोघं एका वयाचे, एकत्र गुरं राखलेले. पाटलांनी काही म्हणायच्या आधी मुलाणीबाबांनी मान हलवली, सुरी खाली ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा, असं मला नंतर सांगण्यात आलं, ते स्वतः देवीशी मोठ्यानं बोलले. हात जोडले नव्हते. दोन्ही तळवे वर करून, दुवा मागतात तसे धरले होते.

"आई, माज्यासाटी बसू नको. पानी यील. लेकरं हितं बुडत्याल. तू जा त्यांच्यासंगं. माजं म्या बगतो."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग उजव्या खांद्यावरचं फूल सुटलं आणि मूर्तीच्या मांडीवर पडलं.

ऊन वाढलं होतं, फुलातलं पाणी वाळलं होतं, ते पडणारच होतं. मला हे कळतं. तरीही माझे हात जोडले गेले, आणि पुढच्याच क्षणी मला त्या देवीचा संताप आला. इतके दिवस अडून बसली होतीस ना, मग आणखी एक दिवस बसायला काय झालं होतं. ज्याच्यासाठी बसलीस त्यानंच जा म्हटलं की लगेच निघालीस. हे सगळं मी मनात म्हणाले. भोवती बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. त्या देवी निघाली म्हणून रडत होत्या की मुलाणी राहिला म्हणून, मला ठरवता येईना. वन्सं तर हमसून हमसून रडत होत्या, आणि त्या माझ्या सासऱ्यांच्या वेळीही रडल्या नव्हत्या.

मुलाणीबाबांनी सुरी उचलली. बोकडाला पाणी पाजलं, त्याच्या पाठीवरनं हात फिरवला, गळ्यातली माळ सोडून बाजूला ठेवली, बिस्मिल्ला म्हणाले आणि सुरीच्या एकाच ओढीत काम केलं. मी बघणार नव्हते, पण बघितलं. मग ते नेहमीच्या ठिकाणी, पाटलांच्या ओसरीवर गेले. तिथं पाटलांनी त्यांच्या हातावर तांब्यानं पाणी घातलं.

दुपार कलताना देवी गेली. गोधडीत गुंडाळून चार गड्यांनी फाट्यापर्यंत नेली. ढोल आता जोरात वाजत होता. देवळात जिथं मूर्ती होती तिथं एक कोरडी, पांढरी, चौकोनी जागा राहिली. मुलाणीबाबा तिथं उदाचा धूर करत बसले होते. आम्ही निरोप घ्यायला गेलो तर म्हणाले, आता भोरला या, घर दाखवतो. अमीनाचाचीनं वन्संना शेवग्याच्या शेंगांची जुडी दिली. नाहीतरी पाण्यात जायचंय झाड, म्हणाली. तिनं नवऱ्याकडं एकदाही बघितलं नाही.

परतीच्या एसटीत वन्सं आणि मी एका बाकावर बसून पुण्यापर्यंत आलो. एरवी त्या मला एवढं बोलतात की डोकं उठतं. त्या दिवशी शेंगांची जुडी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होत्या.

माळावर

पुढच्या चैत्रात वन्सं म्हणाल्या, फोटो धुऊन आलेत, देऊन येऊ. नवीन उंबरवाडी म्हणजे उघडा माळ. सरळ रेषेत आखलेले रस्ते, सिमेंटच्या विटांची घरं, झाड औषधालाही नाही. डोंगरातली माणसं त्या उन्हात डोळे बारीक करून बसली होती. जमीन चांगली आहे पण कालव्याला पाणी यायचंय, असं ज्याला त्याला विचारावं तो सांगत होता. वाघजाईला पत्र्याची शेड बांधली होती. शेंदूर ताजा होता.

जत्रेला मुलाणीबाबा भोरहून सकाळच्या एसटीनं आले होते, सुरी फडक्यात. पटका जुनाच. वर्षात बरेच वाळले होते. चाचीबद्दल विचारलं तर म्हणाले, ती येत नाही. वन्संनी त्यांना फोटो दिला, जुन्या देवळाच्या पायरीचा, तो त्यांनी बराच वेळ बघितला आणि खिशात ठेवला. शेडच्या पुढं डाव्या अंगाला उभं राहायला म्हणून ते गेले, पण तिथं मंडपाचा खांब आला होता. मग त्यांनी दोनतीन जागा बदलल्या. कौल कुणी लावला नाही, त्याची आता गरज नव्हती. बोकड झाला.

काम उरकून ते हात धुवायला पाटलांच्या नव्या घरी आले. आम्ही तिथंच बसलो होतो. पाटील मंडपात होते. ओसरी नव्हती, दोन पायऱ्या आणि लोखंडी दार. रांजणही नव्हता. मुलाणीबाबा पायरीपाशी थांबले आणि कुठं हात घालावा असं इकडंतिकडं बघायला लागले. तेवढ्यात आतून पाटलांची नवी सून आली, खालच्याच गावातली, दोन महिन्यांपूर्वी लग्न झालेली. चांगल्या वळणाची पोरगी. डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं त्यांना खुर्ची दिली, स्टीलच्या तांब्यातनं हातावर पाणी घातलं, प्यायला दिलं, आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत थांबून अदबीनं विचारलं,

"पाव्हणं कुठलं म्हनायचं?"

मी वन्संकडं बघितलं. वन्सं जमिनीकडं बघत होत्या. मुलाणीबाबांनी रिकामा तांब्या तिच्या हातात दिला. "हितलाच हाय, बाय," म्हणाले. पोरगी हसली, तिला ती गंमत वाटली.

मग त्यांनी मानाच्या मटणाची पिशवी उचलली, सुरीचं फडकं काखेत मारलं आणि पाटलांची वाट न बघता स्टँडकडं निघाले. भोरची शेवटची गाडी चार वाजता होती, आणि ती चुकली असती तर रात्री टेकायला त्या गावात त्यांचं घर नव्हतं.